दोष केगचा नव्हता

घरी केगमधून, म्हणजे बिअरच्या बंद पिंपातून, नळीने नळापर्यंत येणाऱ्या बिअरचा पहिला ग्लास आंबूस, दुसरा ठीक. महिनाभर हेच चाललं होतं आणि मी प्रत्येक वेळी केगच्या नावाने बोटं मोडत होतो. मग एकदा हिशेब केला. नळीचा आतला व्यास पावणेपाच मिलिमीटर, लांबी तीन मीटर, म्हणजे आत मावते जेमतेम 50 मिलिलिटर बिअर. आदल्या दिवशीपासून नळीत शिळी होत पडलेली तेवढीच बिअर पहिल्या ग्लासात उतरत होती. बिचारा केग!

आधी गरम पाणी सोडून पाहिलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच, वर लोण्यासारखा वास. तो डायअसिटिल नावाच्या रसायनाचा, आणि नळीत तो बहुतेक वेळा पेडिओकोकससारख्या जिवाणूंमुळे येतो. हे जिवाणू नळीच्या आत चिकट थर करून बसतात. नुसत्या पाण्याला ते दाद देत नाहीत, कॉस्टिकच, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कलीच लागते.

इथे मी शहाणपणा केला. केगऐवजी कॉस्टिकचं द्रावण भरलेला डबा जोडला आणि घरात आहेच म्हणून बिअर ढकलायच्या सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडनेच ते ढकललं. हा वायू आम्लधर्मी, कॉस्टिक अल्कली. दोघांची आपसात गाठ पडली की त्याचं कार्बोनेट होतं आणि द्रावणातला जोर जातो. बंद डब्यात तर वायू शोषला जाऊन आतला दाबही खाली येतो. मळ तसाच, द्रावण वाया. दुसऱ्या खेपेला हातपंपाची बाटली आणली. दोन टक्क्यांचं द्रावण, पाणी कोमट, नळी भरून वीस मिनिटं तशीच ठेवली. हातमोजे आणि चष्मा घातला होता. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही.

नळी सोडली तेव्हा पिवळट, तुकडेतुकडे पडलेलं पाणी आलं. पाहून पोटात ढवळलं. हे मी पीत होतो.

खरी घाण मात्र बिअरच्या नळात होती. नळ काढताना अर्धा तास उलटी झटापट केली, कारण समोरून पाहिलं तर त्याची कडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होते. आत काळसर बुरशी. तोंडाशी हवा लागते, त्यामुळे व्हिनेगर करणारे ॲसिटोबॅक्टर तिथेच रमतात. सगळे सुटे भाग ब्रशने घासले, वॉशर बदलले.

मग खळबळून पाणी. बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच घरातल्या नळाच्या पाण्याइतका होईपर्यंत पट्टी बुडवत राहिलो.

आता दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक. तीन महिन्यांनी आम्लाचा एक फेरा, कारण बिअरस्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा दगडी थर, कॉस्टिकने पुरता निघत नाही. दोन्ही द्रावणं एकत्र कधीच नाहीत, मध्ये भरपूर पाणी.

केग पुन्हा जोडला, नळीतलं पाणी आधी ओतून दिलं आणि पहिला ग्लास मीच प्यायलो. पाहुण्याच्या हातात द्यायचा धीर अजून झाला नव्हता.