अकरा दिवसांनी म्हातारे झालेले गृहस्थ

"प्रोफाइलचा फोटो बदलला की माझी जन्मतारीख एक दिवस मागे जाते. आतापर्यंत अकरा दिवसांनी म्हातारा झालोय." आमच्या वेबसाइटवर एका गृहस्थांची अशी तक्रार आली. सपोर्टने त्यांना दोनदा ठरावीक उत्तर धाडलं होतं: कृपया तारीख नीट भरा. ते ठरावीक उत्तर मीच लिहून दिलेलं.

मी बारा वर्षं वेबसाइट बनवतोय. सुरुवात डेटा एंट्रीपासून. जेवणाच्या सुट्टीत राइट क्लिक करून पानांचा सोर्स बघत बसायचो, त्यातून एचटीएमएल आलं, मग जावास्क्रिप्ट, मग ही नोकरी. आता दिवसाचा बराचसा वेळ जुना कोड वाचण्यातच जातो, हे या धंद्यात येताना कोणी सांगत नाही.

फोटोचा आणि जन्मतारखेचा संबंध काय? दोन्ही एकाच फॉर्मवर, एवढाच. सेव्ह दाबलं की अख्खा फॉर्म जातो. माझ्याच खात्यावर करून पाहिलं. फोटो बदलला, सेव्ह, रिफ्रेश. १४ ची १३ झाली. पुन्हा सेव्ह. १२! हा फॉर्म मीच तपासून पुढे सोडला होता. तेव्हा फोन नंबर बदलला होता आणि फोन नंबरच पाहिला होता.

मला आकाश बघायचा नाद आहे. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांची तेजस्विता नोंदवतो. ही नोंद आपल्या घड्याळाने करून चालत नाही, जागतिक वेळेने करावी लागते. पहिल्या वर्षी माझ्या कितीतरी नोंदी बरोबर एका दिवसाने चुकल्या होत्या. स्क्रीनवरचा तो १३ बघताना ती वही आठवली.

ब्राउझर सर्व्हरला काय पाठवतो ते दाखवणारा नेटवर्क टॅब उघडला आणि चोर सापडला. फॉर्ममधलं नवं कॅलेंडर १४ तारखेचं डेट ऑब्जेक्ट बनवत होतं. त्यात तारखेसोबत वेळही असते, म्हणजे इथे १४ सुरू होतानाची स्थानिक मध्यरात्र. सर्व्हरकडे जाताना तिचं यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची तीच जागतिक वेळ, होत होतं. ग्रीनिचच्या पूर्वेला मध्यरात्र होते तेव्हा ग्रीनिचला आदला दिवस सरलेला नसतो. सर्व्हर त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं ठेवायचा, म्हणजे १३. टेस्टचं मशीन यूटीसीवरच, त्यामुळे टेस्ट हिरव्यागार, म्हणजे सगळ्या पास. पश्चिमेकडच्यांना तर काहीच होत नव्हतं.

डेट ऑब्जेक्टची कुंडलीच तशी. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली, तेव्हा तारखेचं काम जावा या दुसऱ्या भाषेवरून उचललं. जानेवारीला ० म्हणायची खोड तिथलीच. जावाने त्यातलं बरंचसं १९९७ मध्येच बाद ठरवलं, आम्ही अजून वापरतोय. पण भाषेला किती बोल लावणार? जन्मतारखेला वेळ चिकटवायची गरजच नव्हती.

सहकारी म्हणाली, "मध्यरात्रीऐवजी दुपारचे १२ धरू." मोह झाला. खगोलात दिवस मोजायला वापरतात तो ज्युलियन दिवसही दुपारी १२ लाच सुरू होतो, एका रात्रीची निरीक्षणं दोन तारखांत फुटू नयेत म्हणून. पण न्यूझीलंडची घड्याळं उन्हाळ्यात यूटीसीच्या १३ तास पुढे असतात, तिथे दुपारी १२ लाही ग्रीनिचला आदला दिवसच. शेवटी तारीख नुसता मजकूर म्हणून पाठवली. कोड उलट कमी झाला.

कोडला वीस मिनिटं लागली, बिघडलेल्या तारखांना रात्रीचे नऊ वाजले. बदलांचा इतिहास ठेवणारं टेबल होतं म्हणून वाचलो. प्रत्येकाची मूळ तारीख परत आणायची, पण कोणी खरोखरच सुधारली असेल तर ती पुसायची नाही. आमचा सल्ला मानून लोकांनी तारीख 'नीट' भरली होती, तीही सेव्ह होताना घसरली होती. ओळखपत्राशी जुळत नाही म्हणून काहींची खाती अडलेली. एका बहाद्दराने मुद्दाम १५ भरून १४ मिळवली होती. त्याच्या तारखेला मी हात लावला नाही.

अकरा दिवसवाल्यांना या वेळी ठरावीक उत्तर न पाठवता स्वतः लिहिलं, चूक आमचीच म्हणून. त्यांनी लगेच बाराव्यांदा फोटो बदलला. तारीख हलली नाही. फोटो मात्र आधीचाच बरा होता.