तान्ह्या बाळाचा खोकला आणि अँटिबायोटिक

आज ताईसोबत सात महिन्यांच्या भाचीला घेऊन चोपड्याला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. खोकला होता, नाक वाहत होते आणि अंगही थोडे कोमट लागत होते. निघताना शेजारच्या काकूंनी नातवाचे उरलेले अँटिबायोटिक फ्रिजमधून काढून आग्रहाने ताईच्या हातात ठेवले. (आपल्याकडे औषध कधी उष्टे होत नाही.)

डॉक्टरांनी झबले वर करून, घड्याळाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर न्यूमोनियाची शंका घेतात. दोन महिन्यांच्या आत हा आकडा ६० असतो. भाचीचे श्वास बरेच कमी भरले. या वयातील बहुतेक सर्दी-खोकला आरएसव्हीसारख्या विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, जुलाब किंवा पुरळ मात्र होऊ शकते. जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियात वजनानुसार दिलेले अमॉक्सिसिलिन तान्ह्यांनाही सहसा सुरक्षित असते आणि तेव्हा ते टाळणेच धोक्याचे, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. मला ते विशेष पटले, कारण अँटिबायोटिकला सरसकट विष म्हणणारेही आपल्या गावात कमी नाहीत.

काकूंची बाटली तिथेच बाद झाली. पाणी घालून कालवलेले असे सिरप साधारण आठवडाभरच वापरायचे असते. सध्या नाकात सलाइनचे थेंब आणि अंगावरचे दूध, एवढेच. बाळ दूध ओढेनासे झाले, श्वास वाढला किंवा ओठ निळसर दिसले, तर मध्यरात्रीही घेऊन या, असे त्यांनी ताईला बजावले आहे.