‘राईप’ लिहू नका, ‘मॅच्युअर’ लिहा

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ‘घड भरला’ आणि ‘घड पिकला’ यांत कुणाचीच गफलत होत नाही. भरला म्हणजे कापायला तयार. पिकला म्हणजे तो घड लांबच्या गाडीत चढवायचा नाही. पण हाच माणूस निर्यातीच्या ईमेलला उत्तर लिहायला बसला की दोन्हींसाठी ‘राईप’ लिहून मोकळा होतो. आखातातला खरेदीदार ते वाचून माल पिवळा पडलाय असंच समजणार.

झाडावर घड भरतो ती ‘मॅच्युरिटी’. निसवणीपासून (केळफूल बाहेर पडल्यापासून) साधारण ९० ते १२० दिवस लागतात, थंडीत जास्तच. समुद्रमार्गे जाणारा माल ७५ ते ८० टक्के भरला की कापतात. तेव्हा केळाच्या कडा किंचित जाणवतात, केळ पूर्ण गोल झालेलं नसतं. ‘रायपनिंग’ होते ती पुढे, पिकवणीच्या खोलीत, १६ ते १८ अंशांवर आणि इथिलीन हा फळ पिकवणारा वायू देऊन. जास्त भरलेला घड कंटेनरात वाटेतच पिकू लागतो, आणि त्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारचे बॉक्सही पिकवतो. कोवळा कापला तर वजन बसत नाही आणि रंगही नीट धरत नाही. म्हणून ईमेलात ‘मॅच्युअर ग्रीन’ लिहावं. ‘रॉ बनाना’सुद्धा टाळा, पुष्कळांना त्यावरून भाजीचं केळ वाटतं.

याहून महाग पडणारी जोडी ‘चिल्ड’ आणि ‘फ्रोझन’. आपल्याकडे दोन्ही ‘थंड’च. चिल्ड म्हणजे गार ठेवलेलं पण न गोठलेलं. फ्रोझन म्हणजे गोठवलेलं, सहसा उणे १८ अंशांवर. केळीचा कंटेनर १३ ते १४ अंशांवर लावतात. बुकिंगच्या कागदावर आकडा न लिहिता नुसता शब्द लिहू नका, कारण ‘चिल्ड’ म्हटलं की भाजीपाल्याच्या सवयीने ४-५ अंश लावणारे लोक आहेत. केळ १३ अंशांच्या बरंच खाली राहिलं की साल करडी पडते, आतल्या शिरा तपकिरी होतात आणि नंतर कितीही पिकवलं तरी तजेलदार पिवळा रंग येत नाही. या बिघाडाला ‘चिलिंग इंज्युरी’ म्हणतात. तक्रारीत तिथे ‘फ्रीझिंग’ लिहिलं तर समोरचा तापमानाची नोंद काढून दाखवतो की पारा शून्याखाली कधी गेलाच नाही. तक्रार खरी असूनही तिथेच फसते.

‘बंच’ म्हणजे व्यापारात अख्खा घड, ‘हँड’ म्हणजे फणी, ‘फिंगर’ म्हणजे सुटं केळ. परदेशातल्या दुकानात मात्र चार-सहा केळांच्या तुकड्यालाही बंच म्हणतात, तेव्हा भाव बंचवर ठरवूच नये, किलोवर ठरवावा. तोही ‘नेट’ किलोवर. १३ किलो नेट म्हणजे निव्वळ केळी. पुठ्ठा, फोम, पिशवी धरून येतं ते ‘ग्रॉस’. वाटेत पाणी उडून वजन घटतं, म्हणून भरताना थोडं जास्त भरतात.

आता कापूस. ‘कॉटन’चा भाव मोबाइलवर वाचायचा आणि जिनिंगच्या दारात तोच मागायचा, ही धुळे-जळगावकडची दरवर्षीची भांडणं. त्या बातमीतलं कॉटन म्हणजे सरकी काढलेली रुई, इंग्रजीत ‘लिंट’. शेतकऱ्याकडे असतो तो सरकीसकट कापूस, त्याला ‘सीड कॉटन’ म्हणावं. रुईचा भाव खंडीवर, आणि ही खंडी ३५५.६ किलोची. कापसाचा भाव १०० किलोच्या क्विंटलवर. समजा रुई ५४,००० रुपये खंडी, म्हणजे किलोला साधारण १५२ रुपये. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली तर तिचे जवळपास ५,१६० रुपये. उरलेल्या सरकीचे पैसे वेगळे मिळवायचे, जिनिंगचा खर्च आणि घट वजा करायची. उतारा ३४ऐवजी ३२ आला तर रुईचे तीनशे रुपये तिथेच गेले. हा हिशोब सोडून नुसते दोन भाव शेजारी मांडण्यात काही अर्थ नाही.

याला खेटूनच ‘लिंटर्स’. लिंटचं अनेकवचन समजून लोक लिहितात, पण तो वेगळा माल आहे: जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहिलेली बारीक लव, तेलगिरणीत वेगळी काढतात. कताईच्या उपयोगाची नाही. तसंच ‘केक’ आणि ‘मील’. घाण्यावर किंवा एक्स्पेलरवर दाबून तेल काढल्यावर उरते ती ढेप म्हणजे केक, तिच्यात तेल बऱ्यापैकी शिल्लक असतं. सॉल्व्हंटने तेल ओढून घेतल्यावर उरतं ते मील, जवळजवळ कोरडं.

शेवटची जोडी एका अक्षराची. ‘डॅमेज’ म्हणजे मालाचं नुकसान, ‘डॅमेजेस’ म्हणजे त्यापोटी मागितलेली भरपाई. ‘देअर आर डॅमेजेस इन फॉर्टी बॉक्सेस’ असं पत्र गेलं की समोरच्याचा वकील आधी हसतो. ‘फॉर्टी बॉक्सेस आर डॅमेज्ड’ लिहा, बॉक्स नंबर, फोटो आणि तापमानाची नोंद जोडा, आणि भरपाईची रक्कम वेगळ्या परिच्छेदात मागा.