रात्रीचे बारा, पण कोणत्या तारखेचे?

मागच्या हिवाळ्यात आमच्या डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, "शुक्रवारी रात्री 12 पासून लाईन राहील." लाईन म्हणजे ओलिताच्या मोटरची वीज. बस एवढंच. बाबांनी धरलं की बारा वाजले की शुक्रवार लागतो, म्हणजे गुरुवारी जेवण झाल्यावरच निघायचं. बाजूच्या वावरवाल्या काकांनी धरलं की शुक्रवारचा दिवस जाऊ द्यायचा आणि मग त्या रात्री जायचं. बाबा गुरुवारी रात्री टॉर्च, काठी, मफलर घेऊन हरभऱ्यात जाऊन बसले, थंडी अशी की हात बाहेर काढवत नव्हता, रानडुकरांची भीती वेगळीच, आणि अडीच वाजले तरी मोटर काही चालू झाली नाही. लाईन आली ती दुसऱ्या रात्री. सकाळी बाबा खोकत घरी आले तेव्हा मला इतका राग आला, पण काढू कोणावर, मेसेज टाकणारा खोटं बोलला नव्हता आणि बाबांनीही चुकीचं वाचलं नव्हतं.

मोठेबाबा ओसरीत चहा पिऊन राहिले होते. बाबांचे मोठे भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले. ते म्हणाले, "रात्रीचे बारा हा काही टाइम होय का? कोणत्या तारखेचे बारा थे तं लिहा. असा आर्डर आमच्याकडे कोनी काढला असता तं साहेबानं त्याले उभं केलं असतं."

तेव्हा आमच्या रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धावायची आणि नंतर मोठेबाबांजवळ येऊन बसायची. त्यातल्या एकानं विचारलं, "मोठेबाबा, फौजीत दुपारच्या चारला सोळाशे, संध्याकाळच्या सहाला अठराशे असं काहून म्हणतात?" मला खरं सांगायचं तर तोपर्यंत वाटायचं की ती फौजी स्टाईल आहे, जशी मिशी आणि कडक इस्त्री. त्या दिवसापासून मी यावर जिथून मिळेल तिथून वाचत गेले आणि आता वाटतं की ही गोष्ट आपल्या प्रत्येक गावानं शिकली पाहिजे.

साधी गोष्ट आहे. घड्याळाचा काटा दिवसातून दोनदा सहावर येतो. घरात त्यानं काही बिघडत नाही, आई "सहाला ये" म्हणाली तर कोणते सहा ते आपल्याला समजते, कारण आपण आईच्या समोर उभे असतो. फौजेत हुकूम लिहिणारा एकीकडे असतो, वाचणारा शंभर कोसावर, मध्ये वायरलेसची खरखर, आणि ऐकणारा कदाचित दोन रात्री झोपलेला नसतो. त्याला "सहा वाजता निघा" सांगितलं तर? एएम आणि पीएम मध्ये फरक एका अक्षराचा, ते एक अक्षर ऐकू आलं नाही की सरळ बारा तासांचा फरक पडतो, एक तुकडी पोचलेली आणि दुसरी अजून निघायचीच. 0600 आणि 1800 मध्ये असा घोळ होऊच शकत नाही.

आणि तो पुढचा शून्य, तो मला सगळ्यात आवडला. मोठेबाबा आजही "झिरो फाइव्ह थर्टी" म्हणतात, नुसतं साडेपाच नाही. वेळ कायम चार आकड्यांची. मधला एखादा आकडा गळाला तर हातात तीनच राहतात, ऐकणाऱ्याला तिथंच समजते की काहीतरी सुटलं आणि तो परत विचारतो. म्हणजे चूक झाली तरी ती लपून राहत नाही! आपल्या "साडेपाचला" मध्ये ही सोय कुठे आहे.

हे काही फार जुनं नाही. ब्रिटिश नौदलानं पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये 24 तासांचं घड्याळ घेतलं, त्यांच्या लष्करानं 1918 मध्ये. अमेरिकेच्या नौदलानं 1920 मध्ये, आणि त्यांच्या लष्करानं तर दुसरं महायुद्ध चालू असताना, 1942 च्या जुलैमध्ये. विमानवाले आणि फौजा जेव्हा देशोदेशी मिळून काम करतात तेव्हा ग्रीनिचची वेळ धरतात, तिला झुलू म्हणतात, आपल्याकडे 0600 वाजले की झुलू 0030 असते, साडेपाच तास मागे.

फौजेच्याही आधी हे दुखणं रेल्वेचं. सँडफर्ड फ्लेमिंग म्हणून कॅनडाचे रेल्वे इंजिनियर होते, 1876 मध्ये आयर्लंडमध्ये त्यांची गाडी सुटली कारण टाइमटेबलमध्ये सकाळच्या गाडीसमोर संध्याकाळची वेळ छापली होती. रात्रभर स्टेशनवर राहावं लागलं, आणि मग त्यांनी 24 तासांच्या घड्याळाचा मुद्दा लावून धरला. आपल्या रेल्वेच्या तिकिटावर आज 24 तासांचीच वेळ असते, तरी 00:40 ची गाडी असली की बडनेऱ्याला कोणी ना कोणी एक दिवस उशिरा बॅगा घेऊन येतोच.

कारण खरा घोळ मध्यरात्रीचाच आहे. फौजेतसुद्धा शक्य तिथं मध्यरात्रीचा ठोका टाळतात, 2359 लिहितात नाही तर 0001. एक मिनिट इकडे किंवा तिकडे, पण तारीख पक्की. फौजेच्या सिग्नलवर, म्हणजे वायरलेसनं पाठवायच्या संदेशावर, तारीख आणि वेळ जोडून सहा आकडे लिहायची पद्धत आहे, आधीचे दोन तारखेचे, नंतरचे चार वेळेचे. मोठेबाबांना एक पाठ आहे, 161631. ढाक्याला 16 डिसेंबर 1971 ला 16:31 वाजता पाकिस्तानच्या फौजेच्या शरणागतीच्या कागदावर सही झाली, ते आकडे. ते नुसते म्हणताना त्यांचा आवाज बदलतो.

आता आमच्या भागाचं सांगते. पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्यापासून दूर नाही. 2016 च्या मे महिन्यात तिथं मध्यरात्रीनंतर आग लागली, अधिकारी आणि आग विझवणारे जवान जीवानिशी गेले, आजूबाजूची गावं रात्रीच खाली झाली, आमच्या घराची तावदानं हलली आणि आई लहान भावाला कडेवर घेऊन रस्त्यावर उभी होती. आई आजही म्हणते "सोमवारची रात्र". पेपरात, कागदोपत्री 31 मे, मंगळवार. कितीदा मी आईला दुरुस्त केलं, आणि आता वाटतं कशाला केलं, कारण आई तिच्या हिशोबानं बरोबरच आहे. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रात्रीच्या बाराला काहीच बदलत नाही, तेव्हा फक्त अंधार असतो. आजीला तर घड्याळ वाचताच येत नव्हतं, चांदण्या पाहून उठायची.

तेव्हा डोक्यात उजेड पडला की बाजूचे काका आणि बाबा दोघंही बरोबर होते, काका सूर्योदयाचा वार धरून होते आणि बाबा कॅलेंडरची तारीख. एका मेसेजमध्ये दोन पंचांगं!

आणि अजून एक. आपल्या जुन्या पंचांगात अहोरात्राच्या 60 घटका धरायचे, एक घटका 24 मिनिटांची, सूर्योदयापासून मोजायला लागले की दुसऱ्या सूर्योदयापर्यंत एकसलग. सकाळची सहावी घटका आणि संध्याकाळची सहावी घटका असं त्या मोजणीत नव्हतं. म्हणून कोणी म्हणते ना की हे सोळाशे अठराशे आपल्याला जमणार नाही, ते मला पटत नाही. दिवस एकदाच मोजायचा ही गोष्ट आपल्या घरचीच आहे, फक्त सुरुवात कुठून ते ठरवायचं.

मोठेबाबांनी मग बाबांना शिकवलं, एका वाक्यात, "बाराच्या वर गेलं की बारा वजा कर, बाकी काही नाई." बाबा म्हणाले, "मले कायले पाहिजे थे फौजीवालं," आणि दोन दिवस बोलले नाहीत. मी लाईनमन दादांना फोन करून विनंती केली, ते बिचारे लगेच हो म्हणाले, त्यांनाही रात्रभर "आली का, आली का" असे फोन येऊन राहिले होते. आता ते मला वेळ सांगतात आणि मी ग्रुपवर टाकते, वार दोन्हीकडचे लिहून.

या आठवड्याचा मेसेज होता, "गुरु 22:00 ते शुक्र 08:00". काल वावरात गेले तर मोटरच्या स्टार्टरपेटीच्या झाकणावर आतून खडूनं लिहिलेलं दिसलं, 22 = 10 रात्री. अक्षर बाबांचं होतं.