दोनशे पानी वहीत बसवलेलं वर्ष

जानेवारी आला की बँक, विमा एजंट, औषधाचं दुकान, सगळीकडून डायऱ्या येतात. बहुतेकींत एका तारखेला एक पान. रोजनिशी लिहिणाऱ्याला त्या उत्तम, कामं आखायला गैरसोयीच्या. एका वेळी एकच दिवस दिसतो, गुरुवारी काय वाढून ठेवलंय ते सोमवारी कळत नाही. शिवाय आठवडाभर हात लागला नाही तर सात कोरी पानं खायला उठतात, आणि मार्चपर्यंत डायरी किराणाच्या हिशोबाला जाते. म्हणून मी साधी रेघांची वही घेऊन तिच्यातच प्लॅनर बसवते. कुठल्या गोष्टीला किती जागा द्यायची हे मग छापखाना ठरवत नाही.

आकार ए५, म्हणजे १४८ × २१० मिमी. ए४ कागद एकदा दुमडला की बरोबर या मापाचा होतो, त्यामुळे शाळेचं पत्रक किंवा लॅबचा रिपोर्ट वहीत सपाट राहतो. कागदाकडे मात्र बघून घ्यावं. नेहमीच्या शालेय वहीचा कागद साधारण ५५ ते ६० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. त्यावर बॉलपेन ठीक चालतं, जेलपेन मागून दिसतं आणि शाईपेन पार फुटतं. शाईपेनच वापरायचं असेल तर ८० जीएसएमच्या खाली जाऊ नये. जाड कागद मोहक वाटतो, पण वजनाचा हिशोब करा: ६० जीएसएमच्या शंभर ए५ कागदांचं वजन १९० ग्रॅमच्या आसपास, १०० जीएसएमचं ३१० ग्रॅम. लोकलमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि छत्रीसोबत हा फरक खांद्याला कळतो, आणि जड वही घरीच राहायला लागते.

बांधणी दुकानातच तपासायची. वही मधोमध उघडून टेबलावर ठेवायची आणि हात काढायचा. शिवलेली वही उघडी राहते. नुसत्या गमने चिकटवलेली मिटते, आणि जोर देऊन उघडत राहिलं की चार-सहा महिन्यांत मधली पानं सुटतात. स्पायरल सपाट उघडते हे खरं, पण डाव्या पानावर लिहिताना हात तारेवर येतो आणि पिशवीत तार वाकली की पानं अडकतात. मी शिवलेलीच घेते.

आता पानांचा हिशोब. रेघ मारण्याआधी हा झालाच पाहिजे, कारण ऑगस्टमध्ये वही संपली तर नवीन वहीत सगळं उतरवून काढणं कोणाच्याच हातून होत नाही. दोनशे पानी म्हणजे शंभर कागद, पण काही वह्यांत कव्हरच्या आतली छापील पानंही त्या आकड्यात धरलेली असतात, म्हणून स्वतः मोजावं. मग १ ते २०० आकडे खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात एका बैठकीत टाकून मोकळं व्हायचं. पान १ उजवीकडे येतं, तिथे नाव आणि हरवल्यास कळवायचा फोन नंबर. २–३ अनुक्रमणिका. ४ ते ७ वर्षाचा तक्ता, एका पानावर तीन महिने. ८ ते ३१ महिने, प्रत्येकी समोरासमोरची दोन पानं. ३२ पासून आठवडे, पुन्हा प्रत्येकी दोन. २०२६ साल गुरुवारी सुरू होतं, त्यामुळे सोमवार ते रविवार धरले तर ५२ नाही, ५३ आठवडे लागतात: २९ डिसेंबर २०२५ पासून ३ जानेवारी २०२७ पर्यंत. ते १३७व्या पानाला संपतात. १३८ ते २०० ही ६३ पानं याद्यांना उरतात. या मांडणीत शोधाशोध करावी लागत नाही: महिन्याच्या आकड्याची दुप्पट अधिक ६ म्हणजे त्या महिन्याचं डावं पान, आठवड्याच्या आकड्याची दुप्पट अधिक ३० म्हणजे त्या आठवड्याचं.

महिन्याच्या पानावर चौकोनांचं कॅलेंडर काढायचा मोह होतो. मी काढत नाही. सोमवारपासून आठवडा धरला तर २०२६ मध्ये मार्च, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या तिघांना सहा ओळी लागतात, आणि पाच ओळींच्या मापाने आखलेल्या पानावर ३०-३१ तारखा कुठे कोंबायच्या हा प्रश्न येतो. त्यापेक्षा तारखांची सरळ उतरण बरी. आठ मिलिमीटर अंतराच्या रेघा असल्या तर ए५ पानावर २२ ते २४ ओळी मिळतात, म्हणजे ३१ तारखा एका पानावर मावत नाहीत. डाव्या पानावर १ ते १६, उजव्यावर १७ ते अखेर. समासाच्या रेघेबाहेर तारीख आणि वाराचं अक्षर, रविवारखाली पेन्सिलने एक रेघ. दोन्ही पानांवर तळाला उरलेल्या पाच-सहा ओळी त्या महिन्यातल्या बिनतारखेच्या कामांना.

वर्षाचा तक्ता भरायला दोन-अडीच तास लागतात आणि सगळ्या वहीत सर्वांत जास्त उपयोग याच चार पानांचा होतो. घरातली मुदतीची कागदपत्रं समोर घेऊन बसायचं: विम्याच्या पॉलिसी, गाडीची पीयूसी, भाडेकरार, मुदत ठेवींच्या पावत्या, वॉटर प्युरिफायरचं सर्व्हिस कार्ड. इथे एक नियम पक्का ठेवावा. शेवटची तारीख लिहायचीच, पण काम सुरू करायची तारीख तिच्या वर, वेगळ्या ओळीत लिहायची. गाडीचा विमा १८ ऑगस्टला संपत असेल तर ४ ऑगस्टला ‘गाडी विमा, दोन कोटेशन’ अशी नोंद हवी. नुसतं १८ ऑगस्टला ‘विमा’ लिहिलं तर त्या दिवशी ती नोंद वाचून फक्त धडकी भरते. विमा संपून ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. पीपीएफमध्ये महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे पोचले तरच त्या महिन्याचं व्याज त्यांवर मिळतं, म्हणून ती नोंद १ तारखेला. घरात पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ऐंशीच्या पुढच्यांसाठी १ ऑक्टोबरपासून. आगाऊ कर भरणाऱ्यांनी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या चार तारखांच्या आधीचा आठवडा लिहावा.

सणावाराच्या नोंदी मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवू नयेत, नव्या कॅलेंडरवरूनच घ्याव्यात. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून ती १४ सप्टेंबरला, सोमवारी येते. साध्या वर्षी सण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, अधिक मास आला की अठरा-एकोणीस दिवस पलीकडे. गावी जाणाऱ्यांना हा फरक फार महागात पडतो.

कोकणात गणपतीला जायचं, एवढ्या एका ओळीचं वहीत काय होतं ते बघा. महिन्याच्या पानावर १४ सप्टेंबरला गणेशचतुर्थी. निघायचं शनिवारी, १२ तारखेला. रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मंगळवार, १४ जुलै, सकाळी ८. ही नोंद जुलैच्या पानावर (२० वं) वेळेसकट. परत रविवारी, २० सप्टेंबरला यायचं असेल तर परतीचं तिकीट त्याच दिवशी मिळत नाही, ते २२ जुलैला उघडतं. तीही नोंद वेगळी. त्याआधी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक काम: आयआरसीटीसीचं खातं चालू आहे का, आधारशी जोडलंय का, सगळ्यांची नावं मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे खात्यात साठवलेल्या प्रवाशांच्या यादीत, आहेत का. आठ वाजता पासवर्ड आठवत बसलं तर वेटिंग लिस्टच हातात येते. ऑफिसच्या रजेचा अर्ज जूनच्या पानावर. एक सण, पाच नोंदी, चार महिन्यांत पसरलेल्या. हे उलटं मोजणं जानेवारीतच उरकलं की पुढे फक्त पान उघडायचं.

आठवड्याची पानं. डाव्या पानावर वरची ओळ आठवड्याच्या तारखांना, मग प्रत्येक दिवसाला तीन ओळी. सात त्रिक एकवीस, पान भरलं. तीन ओळी कमी वाटतात, आणि त्या तशाच वाटायला हव्यात. पहिली ओळ वेळेच्या गोष्टींना: डेंटिस्ट ६.३०, पालकसभा ११. उरलेल्या दोन ओळींत दोन कामं. नोकरी, स्वयंपाक, प्रवास धरून कामाच्या दिवशी ठरवून केलेली जादाची दोनच कामं पार पडतात, फार तर तिसरं फोनवरचं. पाच लिहिली की तीन दुसऱ्या दिवशी सरकतात, मग तिथली सरकतात, आणि शुक्रवारी वहीकडे बघवत नाही. बहुतेक प्लॅनर इथेच बंद पडतात.

उजव्या पानावर वरच्या दहा ओळी ‘या आठवड्यात कधीही’ अशा कामांना. रोज सकाळी त्यातलं एखादं डावीकडे न्यायचं. खाली तीन आडव्या पट्ट्या, प्रत्येकी सात घरं: दूध, पेपर, कामाच्या मावशी. रोजची खूण करायची नाही, फक्त खाडा किंवा जादा लिहायचा, ‘+½ लि.’ असा. महिनाअखेरीला दूधवाल्याशी हुज्जत होत नाही. उरलेल्या ओळींत आठवड्याच्या भाज्या. संकष्टी-एकादशी भाज्यांच्या ओळींत आधीच मांडली की साबुदाणा आदल्या रात्री भिजतो.

खुणा चारच: कामापुढे छोटी चौकट, झालं की तिच्यात काट, पुढे ढकललं की बाण आणि बाणापुढे नव्या आठवड्याचा पानक्रमांक, रद्द झालं तर ओळीवर आडवी रेघ. बाणापुढे क्रमांक लिहिल्याशिवाय बाण मारायचा नाही, नाहीतर काम दोन पानांच्या मध्ये हरवतं. एकाच कामाला तिसरा बाण आला की ते तसंच पुढे न्यायला बंदी. बहुतेक वेळा ते काम नसतंच, कामांचं गाठोडं असतं. ‘पॅन कार्डावरचं नाव दुरुस्त करणे’ वर्षभर सरकत राहतं. ‘आधार आणि जन्मदाखल्याची झेरॉक्स काढणे’ शनिवारी होऊन जातं, आणि मग पुढची पायरी लिहिता येते.

पेन एक निळं बॉलपेन, बदलू शकणाऱ्या अपॉइंटमेंटना एचबी पेन्सिल, बस. सहा रंगांची वर्गवारी दुसऱ्या आठवड्यात मोडते, कारण बसमध्ये हिरवं पेन सापडत नाही. पावसाळ्यात बॉलपेनच बरं: त्याची शाई तेलकट असल्याने थेंब पडला तरी अक्षर टिकतं, जेल आणि शाईपेनचं पसरतं. जून ते सप्टेंबर वही झिपलॉकच्या पिशवीत.

आठवड्यांची पानं एकदम त्रेपन्न आखून ठेवू नयेत. एका वेळी चार आखावीत, ३० सेमीची स्टीलची पट्टी घेतली तर पंधरा मिनिटांचं काम आहे. महिन्याभरात लक्षात येतं की शनिवारला चार ओळी हव्यात आणि बुधवारला दोन पुरतात, मग पुढची चार तशी आखायची. आठवडा संपला की त्याच्या उजव्या पानाच्या कागदाचा वरचा बाहेरचा कोपरा दीड सेंटिमीटर तिरका कापायचा. अंगठा लावला की वही थेट चालू आठवड्यावर उघडते, रिबनची गरज उरत नाही.

रविवारी जेवणानंतर वीस मिनिटं. मागच्या आठवड्यातल्या रिकाम्या चौकटींचा निकाल, महिन्याच्या पानावरून पुढच्या सात दिवसांच्या नोंदी उतरवणं, उजव्या पानावर भाज्या. शेवटी पुढच्या महिन्याच्या पानावर नुसती नजर. आजारपणात किंवा लग्नघरात दोन आठवडे सुटले तर मागचं भरत बसायचं नाही. पानावर तिरकी रेघ आणि पुढे चालू.

मोबाइलला यातून वगळायचं कारण नाही. गजर लागणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे औषधाच्या वेळा, ईएमआयची आठवण, आठ वाजताचं तिकीट, मोबाइलमध्ये. वहीत तीच गोष्ट रोज लिहिली तर डोळा तिच्यावरून घसरायला लागतो. उलट व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका त्याच क्षणी महिन्याच्या पानावर उतरवावी, तारीख, वेळ आणि कार्यालयाच्या नावासकट. शंभर ‘शुभ सकाळ’खाली ती पुन्हा सापडत नाही.

मागच्या ६३ पानांवर याद्या, प्रत्येक नवी यादी अनुक्रमणिकेत पानक्रमांकासह. सर्वांत कामाची यादी घराच्या मापांची: पडद्याच्या दांड्यांची लांबी, ट्यूब चार फुटी की दोन फुटी, मिक्सरचं मॉडेल, गॅसचा ग्राहक क्रमांक, मुलांच्या बुटांचे नंबर, डायनिंग टेबलाचं माप. हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून घरी फोन करावा लागत नाही. पासवर्ड, एटीएमचा पिन, पूर्ण आधार क्रमांक मात्र वहीत नको.

डिसेंबरात नवीन वही घेतली तरी जुनी ३ जानेवारीपर्यंत चालते, कारण तिचा शेवटचा आठवडा तिथे संपतो. नव्या वहीत वर्षाचा तक्ता आणि मापांची यादी एवढंच उतरवायचं, बाकी याद्यांचा जुना पानक्रमांक लिहिला की पुरे. २०२७ ला ४ जानेवारीपासून ५२ आठवडेच लागतात, म्हणजे आठवड्यांची पानं १३५ ला संपतात आणि याद्यांना दोन पानं जास्त मिळतात.