टेबल सॉचं सेटिंग: आधी खाच, मग ब्लेड

सागाच्या विनिअरचा प्लाय आडवा कापला की खालच्या कडेला कुसळं निघतात, सागाची फळी उभी कापली की कडेवर जळकट पट्टा उमटतो, आणि नवं ब्लेड घ्यायचा मोह होतो. पुस्तकांच्या कपाटासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून 18 मिमीचा प्लाय आणलाय. तो कापायला घेण्याआधी अख्खं टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणारं मशीन, जुळवून घ्यायचं ठरवलं. मशीन 10 इंची ब्लेडचं, जॉबसाइट (उचलून नेता येणाऱ्या) प्रकारचं, ॲल्युमिनियम टेबलाचं.

मोजमाप कशापासून घ्यायचं हे आधी पक्कं करा. टेबलातली मायटरची खाच (हिच्यात मायटर गेज, म्हणजे लाकूड ठरलेल्या कोनात धरून ढकलायचा आधार, सरकतो) हलत नाही, म्हणून बाकी सगळं तिच्याशी जुळवायचं. ब्लेड खाचेला समांतर नसेल तर फेन्स (फळी जिला टेकवून ढकलायची ती आडपट्टी) ब्लेडकडे बघून लावून उभा काप एकवेळ निभावेल, पण मायटर गेजवरचा आडवा काप साफ येणार नाही. ब्लेडचे मागचे दाते कापलेली कड पुन्हा खरवडत राहतात.

प्लग काढला. खाचेत घट्ट बसणारी सागाची पट्टी रंधून घेतली आणि तिच्यावर डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक) बसवला. ज्यांच्याकडे डायल नाही त्यांनी पट्टीवरच्या आडव्या तुकड्यात पितळी स्क्रू बसवून तो दात्याला जेमतेम टेकेल इतका फिरवावा आणि फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) बघावी, तेवढंही पुरतं. ब्लेडच्या एका दात्यावर मार्करने खूण केली, पुढे आणून मोजलं, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दाता मागे नेला आणि पुन्हा मोजलं. दाता तोच हवा, नाहीतर ब्लेडचा स्वतःचा डुगडुगता वाक मापात मिसळतो. फरक निघाला 0.35 मिमी. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही, लाकडावर मात्र लगेच दिसतो.

टेबलाखाली ट्रनिअनचे, म्हणजे ब्लेडचा सांगाडा धरणाऱ्या आधारांचे, चार बोल्ट आहेत. तीन सैल केले, चौथा जरासा घट्ट ठेवला म्हणजे सगळं त्याच्याभोवती फिरतं. लाकडी मोगरीने हलकेच ठोकत माप 0.05 मिमीवर आणलं. पुढचं काम चिकाटीचं आहे, कारण बोल्ट आवळताना माप पुन्हा सरकतं. एकदम आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे आणि दर वेळी मोजायचं. शेवटी 0.08 मिमीवर थांबलो. 0.1 मिमीच्या आत असलं की माझं समाधान होतं.

फेन्स त्याच खाचेला समांतर लावली, मागचं टोक केसभर बाहेर. ते आत वळलेलं असेल तर फळी फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये चेपली जाते, मागून वर येणारे दाते तिला उचलतात आणि फळी अंगावर येते. किकबॅक बहुतेक असाच होतो. रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागचा, कापाची फट उघडी ठेवणारा पातळ पत्रा) काढून ठेवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो परत लावा. त्याची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. पातळ कर्फचं (अरुंद काप घेणारं) ब्लेड आणताना हे आधी तपासा.

90 अंशासाठी गुण्या ब्लेडच्या पत्र्याला लावायचा, दात्यांना नाही. मग जाड तुकडा उभा धरून कापायचा, एक अर्धा उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा. जी फट दिसेल ती चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीकशी चूकही लपत नाही.

खालची कुसळं ब्लेडच्या भोवतीच्या रुंद फटीमुळेही निघतात. दाते वरून खाली जाताना तळचे तंतू ओढतात आणि त्यांना आधार नसतो. ब्लेडभोवती टेबलात बसणाऱ्या मूळ प्लेटच्या मापाची प्लायची प्लेट केली, टेबलाशी सपाट बसवली, वरून पट्टी क्लॅम्प केली आणि फिरतं ब्लेड हळूहळू वर आणलं. आता फट फक्त ब्लेडपुरती आहे. दर्शनी बाजू वर ठेवायची, ब्लेड प्लायच्या जरासंच वर काढायचं.

एवढं झाल्यावर ब्लेडची पाळी. जुन्या 40 दात्यांच्या ब्लेडवर राळ साचली होती, ती साफ केली. सागात सिलिका असतं, त्यामुळे धार लवकर जाते. प्लायसाठी 80 दात्यांचं लावलं, उभ्या कापासाठी 24 दात्यांचं ठेवलंय. पण खरं सांगतो, साफ केलेल्या जुन्या ब्लेडनेही सागाच्या तुकड्यावर जळकट पट्टा उमटला नाही. गुण माझ्या मते सेटिंगचा.

मायटर गेजची पाच कापांची चाचणीही झाली. तुकडा प्रत्येक वेळी फिरवत चारही कडा कापल्या, पाचव्या कापाची पट्टी दोन्ही टोकांना कॅलिपरने मोजली: 25.10 आणि 24.70. फरक 0.40, कोनाची चूक चार वेळा साठते म्हणून भागिले चार, म्हणजे पट्टीच्या 400 मिमी लांबीत 0.10 मिमी. कपाटाच्या फळ्यांना हे चालेल. ड्रॉवरसाठी मला याहून कमी हवं, म्हणून पुढे दोन्ही खाचांत चालणारा स्लेड (लाकूड वर ठेवून सरकवायचा पाट) करतोय. पट्ट्यांना सागच वापरणार आहे, पावसाळ्यात तो कमी फुगतो.