गॅस न पेटवता रात्रीचं जेवण

ऑफिस, क्लास, होमवर्क सगळं उरकेपर्यंत घरात एकदम सगळ्यांनाच भूक लागते ना, तेव्हा मी सरळ एक मोठं ताट काढते आणि घरात असेल ते मांडते, ब्रेड, चीज, काकडी, गाजर, दही, फळं, झालं जेवण! फक्त प्रोटीन हवंच हां, नाहीतर तासाभरात पोरं परत फ्रीज उघडून उभी. कॅनमधले तयार उकडलेले छोले यासाठी बेस्ट, चाळणीत ओतून नळाखाली चांगले धुवायचे म्हणजे खारटपणा बराच जातो, मग लिंबू, मिरपूड, थोडं तेल, काट्याने अर्धवट ठेचायचे आणि ब्रेडवर थापायचे, वर काकडीच्या चकत्या. सफरचंद चिरलं की लिंबू चोळा, लवकर काळं पडत नाही. आणि हो, ५ वर्षांखालच्या पोरांना अख्खे शेंगदाणे, बदाम देऊ नका, घशात अडकतात, द्राक्षंसुद्धा उभी चिरूनच द्या. दही, कापलेली फळं २ तासांपेक्षा जास्त बाहेर नकोत, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच फ्रीजमध्ये. "हे काय जेवण आहे का?" असं कोणी विचारलंच तर त्यालाच भांडी घासायला लावा, तशीही फार नसतात.